अंगुस्तानाच्या ठशाची नानकटाई

अक्कांकडून नानकटाई घ्यायची तर ती त्यांच्यासमोर उभं राहून खावी लागायची. पुडीत बांधून घरी न्यायची मुभा नव्हती. निदान पहिली तरी तिथेच, टेबलाच्या अलीकडे. आणि त्या बघायच्या कशा म्हणाल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघावं तशा. चष्मा कपाळावर चढवलेला, मान जरा पुढे, तुमच्या तोंडाकडे टक लावून. घास आत गेला, जीभ फिरली, भुवया जरा वर गेल्या, की "सरी" म्हणून मान डोलवायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. भुवया नाहीच हलल्या तर विचारायच्या, "का, काय झालं?" मग तो बिचारा गडबडीने भुवया हलवायचा.

ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या शाळेच्या खाऊबाजाराची. वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात टेबलं मांडायची, ज्याने त्याने घरून काही करून आणायचं, आणि जे पैसे जमतील ते मुलांच्या सहलीला. कोणी चकल्या आणायचं, कोणी केक. अक्कांची नानकटाई. वर्षानुवर्षं तीच, दुसरं काही नाही. कोणी म्हणालं, "अक्का, यंदा चॉकलेटचं काही करा की," तर त्या म्हणायच्या, "ते तू कर. मी येऊन तुझ्या तोंडाकडे बघते."

अक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. घर बसवनगुडीत, खाली त्या आणि वरच्या दोन खोल्यांत आम्ही. लग्न होऊन मी निपाणीहून इथे आले तेव्हा मला कानडी कामापुरतं यायचं, पण शहराचं काहीच येत नव्हतं. घरमालकीण मराठी आहे म्हटल्यावर मला केवढा धीर आला होता. पहिल्याच दिवशी त्या जिना चढून आल्या, माझं सामान बघितलं, आणि विचारलं, "कुठली गं तू?"

"निपाणीची."

"अय्यो, तंबाखूच्या गावची," त्या म्हणाल्या. "म्हणजे नाक गेलेलंच असणार."

माझे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते हे खरं. पण माझं नाक चांगलं होतं. ते काही त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून माझं नाव निपाणी पडलं. आईबापांनी ठेवलेलं आणि सासरी बदललेलं, दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, पण हाक एकच. "निपाणी, स्वल्प खाली ये." पुढे मुलं झाली, नातवंडं झाली, केस पिकले, तरी जिन्याखालून हाक तीच.

त्यांच्या घराण्यातलं कोणीतरी फार पूर्वी तंजावरकडे निघालं होतं. घोड्याला पाणी पाजायला इथे थांबले ते थांबलेच, असं त्या सांगायच्या. "घोडं अजून पाणी पितंय," म्हणायच्या. त्यामुळे त्यांचं मराठी म्हणजे कानडीत बुडवून वाळत घातल्यासारखं. माझं ऐकून त्या हसायच्या, त्यांचं ऐकून मी. पण घरात दोघींना मराठी बोलायला दुसरं होतं कोण? आमचे हे ऑफिसात, त्यांचे यजमान तर फार लवकर गेलेले.

अक्का त्याच शाळेत शिवणाच्या बाई होत्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पितळेचं अंगुस्तान, कायम. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ना, ते टोपीसारखं. त्या ते भाजी निवडतानाही काढायच्या नाहीत. रिटायर झाल्या तरी बोटाला होतंच. दारावर टकटक करायच्या ती त्यानेच, त्यामुळे कोण आलंय ते विचारावं लागायचं नाही.

आता भट्टीचं सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनी बेकरी आहे. मागच्या बाजूला विटांची, लाकडावर तापणारी भट्टी. सकाळी पाव, मग बन, मग ते नारळ भरलेलं दिलपसंद, असं करत करत दुपारी जेवणं झाल्यावर भट्टीची धग उतरायला लागते. त्या उतरत्या धगीवर पूर्वी गल्लीतल्या बायका आपापली बिस्किटं भाजून आणायच्या. तूप-साखर घरची, पीठ घरचं, मळायचं घरी. भट्टी तेवढी त्यांची. सगळ्यांचे पत्रे एकदम आत जायचे, मग कोणती कुणाची हे कळणार कसं? म्हणून जिची तिची खूण असायची. कोणी काट्याच्या रेघा ओढायचं, कोणी चमच्याची पाठ दाबायचं. अक्का अंगुस्तानाने दाबायच्या. नानकटाईच्या मधोमध एक गोल खळगा, आणि खळग्यात अंगुस्तानाचे बारीक बारीक ठिपके. आता घरोघरी ओव्हन आले, भट्टीवर जाणाऱ्या अक्का तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या कोणाचा पत्रा आत नसला तरी ठसा उठवायच्याच. मी म्हटलं एकदा, "आता कुणाच्यात मिसळणार आहेत?" तर म्हणाल्या, "खूण नाही केली तर नानकटाईला कसं कळेल ती कुणाची ते?"

भट्टीवाल्या अण्णांकडे घड्याळ होतं, पण अक्कांचा पत्रा आत असला की ते घड्याळाकडे पाठ करून बसायचे. भट्टीच्या तोंडाशी अक्का उभ्या राहायच्या, डोळे मिटून, नाक जरासं वर. कोणी बोलायचं नाही. मग त्या म्हणायच्या, "काढा." अण्णा लांब दांड्याने पत्रा ओढायचे. एकही जळलेली नाही, एकही कच्ची नाही. दरवर्षी पीठ-साखरेच्या पिशव्या आणि डबे उचलायला मी बरोबर असायचे. एकदा मी म्हटलं, "अक्का, झाल्या वाटतं." अण्णांच्या हातातला दांडाही हलला नाही. अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "निपाणी, तुझं नाक चष्मा टेकवायला आहे. तेवढंच काम कर."

त्या हा सगळा खटाटोप का करायच्या, ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही त्यांच्या एका खोडीवरून. सहलीच्या दिवशी, बस निघून गेल्यावर, अक्का नवी साडी नेसून शाळेत जायच्या. रिकाम्या शाळेत. एकेका वर्गात डोकावायच्या आणि परत यायच्या. मला वाटायचं, जुन्या आठवणी असतील. शेवटी एकदा विचारलं.

"नोकरीत असताना सहलीला सगळ्या टीचर जायच्या," त्या म्हणाल्या. "शिवणाची बाई मागे. का? तर ज्यांच्या घरून पैसे आले नाहीत ती पोरं मागे राहायची, त्यांच्यापाशी कोणीतरी हवं ना. दिवसभर काज-बटण शिकवायची मी त्यांना. एक मुलगी होती, तिने दिवसभरात एकच काज केलं. सारखं उसवायची आणि परत करायची." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून नानकटाई सुरू केली."

म्हणून त्या वर्ग बघायला जायच्या. परत आल्या की जिन्याखालून सांगायच्या, "निपाणी, कोणी नाही." त्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक त्यांच्याकडे असायचा आणि आम्ही सगळे खाली जेवायला.

त्यांची मुलगी व्हाइटफील्डला असते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या सोसायटीत. नातीच्या शाळेतही असाच बेक सेल होता, तर मुलगी म्हणाली, "अम्मा, तुझी नानकटाई आण." आम्ही दोघी मेट्रोने डबे मांडीवर घेऊन गेलो. तिथे काय सजावट होती म्हणता, रंगीत झालरी, केकवर मलईचे मनोरे. एका बाईंनी अक्कांच्या हातात कार्ड दिलं, यात काय काय घातलंय ते लिहा म्हणून. अक्कांनी लिहिलं, तूप, साखर, मैदा, बेसन, वेलची. त्या बाई म्हणाल्या, "आणि आंटी, यात नाही काय काय, तेही लिहायचं असतं." अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ते लिहायला हे कार्ड पुरायचं नाही," म्हणाल्या.

मग एक गृहस्थ आले, गळ्यात ऑफिसचा पट्टा, कानाला फोन. बोलता बोलता त्यांनी नानकटाई उचलली. अक्कांनी त्यांच्या मनगटावर अंगुस्तानाने टकटक केलं. "आधी फोन ठेव, मग खा." तो माणूस इतका चपापला की त्याने खरंच फोन ठेवला. खाल्ली. भुवया वर गेल्या. म्हणाला, "आंटी, सगळा डबाच द्या." अक्का म्हणाल्या, "आणि मागे उभी आहेत त्यांनी काय तुझं तोंड बघायचं? ते मी बघते, तेवढं पुरे." मुलगी लाजेने लाल झाली होती. डबा मात्र बघता बघता रिकामा झाला.

आणि मग ती तापाची साथ आली. शाळा बंद, बाजार बंद, आम्ही जिन्याच्या वर आणि त्या जिन्याच्या खाली. अक्कांनाही ताप येऊन गेला. फार नाही, पण अशक्तपणा राहिला. मी जिन्यात डबा ठेवायचे, त्या अंगुस्तानाने कठड्यावर टकटक करून पोचला म्हणून सांगायच्या.

बऱ्या झाल्या तेव्हापासून एक बदल झाला, आणि मी वेडी त्याने खूश झाले. माझी कॉफी त्यांना कधी आवडायची नाही. निपाणीच्या माणसाला कॉफी कशी येणार, हे ठरलेलं. "डिकॉक्शन आहे की भांडी धुतलेलं पाणी?" असं ऐकत माझा अर्धा जन्म गेला. तर तापानंतर पहिल्यांदा वर आल्या, मी कॉफी दिली, आणि ती त्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. म्हणाल्या, "सरी आहे." दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्या ह्यांना मी सांगितलं, "बघा, जमली एकदाची मला." हे म्हणाले, "सावध राहा, भाडं वाढवणार असतील."

मोगरा विकणारी मल्लिगेवाली दारावरून जायची, तिची फुलं हुंगून, नावं ठेवून मगच घेणाऱ्या अक्का आता फुलं घेईनाशा झाल्या. एकदा खालून करपल्याचा वास आला म्हणून मी धावत गेले, तर गॅसवर दूध काळं होत होतं आणि हातभर अंतरावर अक्का उशीच्या खोळीला टाके घालत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऐकू कमी येतं गं हल्ली." मी मान हलवली. करपलेलं दूध ऐकायचं असतं का, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शाळा उघडल्या. खाऊबाजार परत होणार असं हेडमिस स्वतः सांगायला आल्या. म्हणाल्या, "अक्का, यंदा सहलीचं कठीण आहे. पुष्कळ घरांत कामं गेली आहेत. अर्धी मुलं मागे राहतील असं वाटतंय. तुमच्या टेबलावर सगळी भिस्त आहे." अक्का म्हणाल्या, "कोणी मागे राहणार नाही." इतकंच.

भट्टीवर जायच्या दिवशी मी दुपारी खाली गेले. अक्कांनी मोठी परात पुढ्यात घेतली होती आणि तळहाताने तूप-साखर फेसायला बसल्या होत्या. हे त्यांचं साय साठवून घरी कढवलेलं तूप. हात गोल गोल फिरत होता, तूप पांढरं, हलकं होत आलं होतं. मी दारातच थांबले. वास असा काही उग्र आला, खवट, नाकात बसणारा. साय फार दिवसांची झाली असणार, कढवायच्या आधीच बिघडलेली.

"अक्का," मी म्हटलं, "तूप खवट झालंय."

हात थांबला नाही. "तुला काय कळतंय? तंबाखूच्या गावची तू."

"अक्का, अहो खरंच."

"साकु, पुरे आता, निपाणी. पीठ चाळ."

मी परातीपाशी बसले. "एकदा वास घ्या ना."

त्यांनी हात थांबवला. परातीवर वाकल्या, डोळे मिटले, भट्टीपाशी मिटायच्या तसेच. बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ झाल्या आणि पदराने हात पुसायला लागल्या. एकेक बोट. अंगुस्तान काढून तेही पुसलं. ते बोट मी उघडं पहिल्यांदाच पाहिलं. पांढुरकं, वळ्या पडलेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. वाटलं, नाक येईल परत. सगळ्यांचं आलं म्हणतात." मग म्हणाल्या, "तुझी कॉफी मला गरम पाण्यासारखी लागते. आधीही लागायची, पण तेव्हा राग यायचा. आता राग पण येत नाही."

मला हसावं की काय करावं कळेना. त्यांनी परात पायाने लांब सारली. "हेडमिसना जाऊन सांग. अक्कांना बरं नाही म्हणावं. पोरांना खवट खायला घालू का मी? बंद."

"आणि सहल?"

अंगुस्तान हातातच होतं, बोटात घातलं नव्हतं.

मी वर गेले. माझ्या बहिणीने गावाहून पाठवलेल्या तुपाची बरणी होती. निपाणीकडचं, म्हशीचं, दाणेदार. ह्या तुपाला अक्का धुराचा वास येतो म्हणायच्या आणि हातही लावायच्या नाहीत. ती आणून त्यांच्यापुढे ठेवली. दुसरी परात घेतली.

"फेसा," मी म्हटलं. "हात तर गेले नाहीत ना तुमचे? वास मी घेते."

"तू?" त्या म्हणाल्या. त्या एका शब्दात निपाणी, तंबाखू, चष्मा, सगळं आलं. पण हात परातीत गेला.

भट्टीवर अण्णांनी नेहमीसारखी घड्याळाकडे पाठ केली. पत्रे आत गेले. भट्टीच्या तोंडाशी मी उभी, अक्का माझ्या शेजारी. अण्णा माझ्याकडे बघायला लागले, मग अक्कांकडे. अक्का म्हणाल्या, "यंदा नाक हिचं आहे." अण्णांनी घड्याळाकडे तोंड केलं. मला घाम फुटला, तो काही भट्टीने नाही. पन्नास जणींच्या पत्र्यांतून मी आपली बिस्किटं ओळखू शकले असते, पण झाली कधी, ते कसं ओळखायचं? मला गोड वास आला आणि मी घाईने म्हटलं, "काढा."

काढली. मधे मऊ, कच्ची. अण्णांनी परत आत सारली. मी म्हटलं, "अक्का, मला नाही जमायचं. यांच्या घड्याळावरच काढू या."

"घड्याळाला काय माहीत आज लाकूड ओलं आहे की कोरडं?" त्या म्हणाल्या. मग माझ्या कानाशी आल्या आणि हळूहळू सांगायला लागल्या. कधी कोणाला न सांगितलेलं. "आधी नुसतं गोड येईल, ते तुला आलं, ते सोड. मग पिठाचा येईल, तव्यावरच्या चपातीचा. तोही सोड. मग वेलची. सगळ्यांना वाटतं तेव्हा झाली. नाही. त्याच्यानंतर स्वल्प वेळ काहीच येणार नाही. एकदम काहीच नाही. घाबरायचं नाही. तेव्हा गप उभं राहायचं. आणि मग जो येईल ना, तो पुन्हा सगळ्यांचा मिळून एक येतो. तेव्हा काढ म्हणायचं. एका श्वासाचाही उशीर नाही."

मी डोळे मिटले. गोड आलं, गेलं. चपाती आली. वेलची आली आणि माझ्या जिभेवर शब्द आला, तो मी गिळला. आणि मग खरंच काही नाही. नुसती धग. मला वाटलं, माझंही गेलं की काय. मी अक्कांचा हात धरला. आणि तो आला. कसा ते मला सांगता येत नाही. लहानपणी शाळेतून येताना आपल्या घरात काही केलंय हे गल्लीच्या तोंडाशीच कळायचं, तसा.

"काढा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खाऊबाजारात अक्का टेबलामागे उभ्या. चष्मा कपाळावर, मान पुढे. लोकांना वाटलं, अक्का आहेत तशाच आहेत. मला एकटीला कळत होतं की आता त्या नानकटाईची चव तिथून घेताहेत, एकेका तोंडावरून. एक छोटी मुलगी खाऊन झाल्यावर खळग्यात राहिलेला चुरा बोटाने टिपून खात होती, तिच्याकडे तर त्या इतका वेळ बघत राहिल्या की मागची रांग थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या तुपाला धुराचा वास येतो असं मी म्हणायचे, ते परत घेते. आता मला पुरावा नाही."

सहलीच्या दिवशी नवी साडी नेसून गेल्या. मी जिन्यातच बसून होते. बाहेर टकटक झाली.

"निपाणी, कोणी नाही."

तेव्हापासून दरवर्षी आमचं असंच चाललंय. हात त्यांचे, तूप निपाणीचं, नाक माझं. वास काही परत आला नाही. डॉक्टर झाले, लिंबू-लवंगा हुंगायचा सराव झाला, शेवटी त्यांनी लवंगा मसाल्यात घालून टाकल्या. आता हात कापतो, ठसे कधी मधोमध पडतात, कधी कडेला. माझ्या कॉफीला मात्र त्या पुन्हा नावं ठेवायला लागल्या आहेत. मी विचारलं, "चव कळते का?" तर म्हणाल्या, "कळायला कशाला हवी? तू केलीस ना?"

यंदाही गेलो भट्टीवर. अक्कांना आता फार उभं राहवत नाही, म्हणून अण्णांनी त्यांच्यासाठी पिठाचं पोतं दुमडून बाकावर टाकलं होतं. त्यांचं तोंड भट्टीकडे नव्हतंच, माझ्याकडे होतं. मी डोळे मिटले. गोड आलं, चपाती आली, वेलची आली, आणि मग ते काहीच नाही. मी थांबले. आता मला भीती वाटत नाही त्याची. आणि तो वास येतोय न येतोय तोच, माझा शब्द तोंडातून बाहेर पडायला आणि शेजारून "काढा" यायला एकच गाठ पडली. दोघी एकदम म्हणालो. अण्णांचा दांडा आत गेलासुद्धा.

मी डोळे उघडून विचारलं, "अक्का, आला? वास आला तुम्हाला?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला, नीट बसवला. "तुझ्या तोंडावर दिसला."